खांद्याच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,



मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते आणि गेली बावीस वर्षं भूल देते. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. आसपासच्या पाच-सहा हॉस्पिटलांतून फोन येतो, मी माझी पेटी गाडीत टाकते आणि निघते. सकाळी सीझर, दुपारी मोडलेली मांडी, रात्री फुटलेलं अपेंडिक्स. छोट्या गावांतली कितीतरी ऑपरेशनं माझ्यासारख्या फिरत्या भूलतज्ज्ञांच्या भरवशावर होतात. त्या पेटीत काय असतं आणि काय असू शकत नाही, याविषयी हे पत्र आहे.

विषय तसा लहान आहे. खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर पेशंटचं दुखणं कसं थांबवायचं, एवढाच. मंत्रालयापर्यंत तो आणण्याचं कारण असं, की त्याचं चांगलं उत्तर सापडलेलं आहे, माझ्या हाताला ते येतं, आणि तरीही बहुतेक वेळा मी ते माझ्या पेशंटला देऊ शकत नाही. अडतं ते गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालच्या एका नियमापाशी. त्या कायद्याच्या राज्य पर्यवेक्षक मंडळाचे आपण पदसिद्ध अध्यक्ष आहात, म्हणून आपल्यालाच लिहिते आहे.

आधी त्या दुखण्याविषयी. ज्याने ते जवळून पाहिलेलं नाही त्याला खांदा म्हणजे गुडघ्यापेक्षा हलकं काम वाटतं. दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन असेल तर बाहेरून तीन-चार बारीक टाके दिसतात. आत मात्र हाडाला भोकं पाडून अँकर बसवलेले असतात आणि फाटलेला स्नायू ओढून आणून त्यांना शिवलेला असतो. मोटारसायकलवरून पडून दंडाचं वरचं टोक मोडलेलं असेल तर प्लेट आणि स्क्रू. मोडलेला पाय उशीवर ठेवता येतो. खांद्याला असं कुठे टेकवणार? श्वास घेतला तरी तो हलतो. आडवं झालं की ठणका वाढतो, म्हणून हे पेशंट पहिल्या काही रात्री पाठीला उशा लावून बसून काढतात. नातेवाईक दर तासाला नर्सला उठवतात. नर्स ट्रॅमाडॉल देते, त्याने ओकाऱ्या होतात, ओकारीच्या उमाळ्याने खांदा पुन्हा हिसकतो. पूर्ण भूल दिल्याने ऑपरेशनच्या वेळचं काही कळत नाही हे खरं, पण भूल उतरली की खांदा सगळा हिशेब एकदम मागतो.

यावर इलाज म्हणजे ब्लॉक. खांद्याकडून दुखण्याची बातमी ज्या नसांतून वर जाते त्या नसांपाशी बधीर करणारं औषध सोडायचं. (आमच्याकडे 'नस' म्हटलं की लोक रक्तवाहिनीही समजतात आणि स्नायूची दोरीही. बावीस वर्षांत मला यापेक्षा चांगला शब्द सापडलेला नाही. मी दिव्याची वायर दाखवते आणि सांगते, ही ती नस.) आता नसा कुठे गाठायच्या, यावरच सगळा फरक पडतो. आणि तो फरक आपण समजून घ्यावा अशी माझी विनंती आहे, कारण पुढची मागणी त्याच्यावर उभी आहे.

सर्वांत जास्त वापरली जाणारी जागा मानेत आहे. मानेच्या बाजूला स्केलीन नावाचे दोन स्नायू आहेत, त्यांच्या मधल्या खाचेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या मुळ्या उतरतात. अलोन विनी या अमेरिकन भूलतज्ज्ञाने १९७० मध्ये या खाचेत एकाच सुईने ब्लॉक द्यायची पद्धत मांडली. तिला आम्ही इंटरस्केलीन म्हणतो. बोटाने खाच चाचपायची, सुई घालायची, पेशंटच्या हातात झिणझिणी आली किंवा नर्व्ह स्टिम्युलेटरने दंडाचा स्नायू फडफडला की जागा सापडली असं समजून औषध सोडायचं. मशीन नाही, पडदा नाही. बोटाचा अंदाज आणि सराव. मी शिकले ती अशीच, आणि दुखणं थांबवण्यात हा ब्लॉक आजही कुणाला हार जात नाही. ऑपरेशन संपून जागा झालेला पेशंट खांद्याकडे बघतो आणि विचारतो, झालं का?

पण त्या खाचेला लागून आणखी एक नस जाते. फ्रेनिक. मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुळांतून ती निघते आणि पुढच्या स्केलीन स्नायूच्या अंगावरून खाली उतरते. छाती आणि पोट यांच्यामधला जो पडदा आहे, श्वासपटल, तो ती हलवते. आपण सुई जिथे ठेवतो तिथून ती नस अवघी काही मिलिमीटर लांब असते. औषध पसरलं की ती बधीर होते आणि त्या बाजूचं श्वासपटल थांबतं. १९९१ मध्ये विल्यम उर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये हे सोनोग्राफीखाली तपासलं. त्या काळच्या मोठ्या डोसने ब्लॉक दिलेल्या त्यांच्या प्रत्येक पेशंटचं त्या बाजूचं श्वासपटल लुळं पडलेलं दिसलं. एकही सुटला नाही. श्वासाची क्षमता साधारण चौथाईने उतरते, असं त्यांनी पुढच्या वर्षी दाखवलं.

धडधाकट माणसाला हे जाणवतही नाही. कबड्डी खेळताना खांदा निखळलेल्या बावीस वर्षांच्या मुलाकडे चौथाई श्वास उधळायला असतो. पण आमच्याकडे खांदा मोडून येणारे सगळे बावीस वर्षांचे नसतात. चाळीस वर्षं चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाया येतात. त्यांनी आयुष्यात विडी ओढलेली नसते, तरी फुप्फुसं विडी ओढणाऱ्यासारखी झालेली असतात. जुना टीबी होऊन गेलेले येतात. ज्यांना दम्याचा पंप लिहून दिला पण परवडला नाही असे येतात. त्यांच्याकडे उधळायला काही नसतं.

अशीच एक मावशी. वय साठीच्या आतबाहेर, उसाच्या ट्रॉलीवरून पडलेली, उजव्या दंडाचं वरचं टोक तीन तुकड्यांत. छाती वाजत होती, पण फार नाही. पूर्ण भूल देऊन श्वासाची नळी घातली तर ती काढताना त्रास होईल, म्हणून मी मानेतून ब्लॉक आणि थोडं झोपेचं औषध असं ठरवलं. निर्णय माझा होता. हाताच्या अंदाजाने द्यायचा तर औषध थोडं देऊन भागत नाही, म्हणून पंचवीस मिली दिलं. वीस मिनिटांनी खांदा पूर्ण बधीर झाला आणि मावशी उठून बसायला लागली. "छातीवर कुणीतरी बसलंय," एवढंच म्हणत होती. बोटावरच्या मशीनचा आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला. आम्ही तिला बसतं केलं, ऑक्सिजन लावला, ऑपरेशन पुढे ढकललं आणि मी त्या रात्री तिच्या खाटेशेजारी बसून राहिले. औषध उतरायला पहाट झाली. तोवर प्रत्येक श्वास ती खांदे उचलून, मान ताणून घेत होती, मोडलेल्या हाडासकट. तिला वाचवलं असं मी म्हणणार नाही. जे संकट मी आणलं त्यातून ती आपल्या ताकदीने बाहेर आली.

त्या रात्री जे मला करता आलं असतं ते आता सांगते.

पहिली गोष्ट, तोच ब्लॉक, पण नस डोळ्यांनी बघून आणि अगदी थोड्या औषधात. सोनोग्राफीच्या पडद्यावर त्या खाचेतल्या मुळ्या काळ्या मण्यांसारख्या एकाखाली एक दिसतात. सुईचं टोक दिसतं, औषध पसरताना दिसतं. २००८ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात सोनोग्राफीखाली वीस मिली आणि पाच मिली अशी तुलना झाली. दुखणं दोन्हींनी सारखंच थांबलं. श्वासपटल मात्र वीस मिलीच्या गटात सगळ्यांचं लुळं पडलं आणि पाच मिलीच्या गटात निम्म्याहून कमी लोकांचं. अंदाजाने सुई घालणाऱ्याला पाच मिलीवर भागवणं शक्य नाही, कारण ते पाच मिली नेमक्या जागी पडलं पाहिजे.

दुसरी, आणि मला सर्वांत पटलेली: सुपीरिअर ट्रंक ब्लॉक. मानेची पाचवी आणि सहावी मुळी थोडं खाली जाऊन एक होतात, एक जाड खोड बनतं. खांद्याच्या जवळजवळ सगळ्या नसा या खोडातूनच पुढे फुटतात. आणि तिथे पोहोचेपर्यंत फ्रेनिक नस बाजूला, आतल्या अंगाला सरकलेली असते. म्हणजे खाली दोन बोटं सरकलं की खांदा तर पूर्ण मिळतो, पण श्वासाची नस बरीच वाचते. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका चाचणीत दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या. दुखणं थांबवण्यात ट्रंक ब्लॉक मागे पडला नाही. श्वासपटल लुळं पडण्याचं प्रमाण मानेच्या वरच्या ब्लॉकमध्ये दहात सात, ट्रंक ब्लॉकमध्ये विसात एक. मावशीला ज्या वाटेने मी नेलं त्या वाटेवर धोका दहात सात होता. शेजारच्या वाटेवर विसात एक. पण हा ब्लॉक बोटाने चाचपून देताच येत नाही. ते खोड एका ठरावीक जागी, एका ठरावीक खोलीवर असतं आणि ते पडद्यावरच दिसतं. अंदाजाने सुई घातली तर खाली फुप्फुसाचं टोक आहे.

तिसरी वाट मानेपासून दूर, पाठीवर आहे. खांद्याच्या सांध्याची बरीचशी संवेदना सुप्रास्कॅप्युलर नावाची एकच नस नेते. ती खांद्याच्या पात्याच्या वरच्या खाचेतून जाते. तिथे ती गाठायची पद्धत वर्थाइम आणि रोव्हेनस्टाइन यांनी १९४१ मध्येच लिहून ठेवली आहे, म्हणजे इंटरस्केलीनच्याही आधी. काखेपाशी दंडाला वळसा घालणारी ॲक्सिलरी नस जोडीला बधीर केली की सांध्याचा मोठा भाग शांत होतो आणि फ्रेनिक नस तर वाटेतच नाही. हात लुळा पडत नाही, पेशंटला त्याच संध्याकाळी बोटं हलवता येतात, त्याची भीती कमी होते.

इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती माझ्या मागणीच्या विरुद्ध जाते. हा पाठीवरचा ब्लॉक सोनोग्राफीशिवाय देता येतो. पात्याच्या कण्यावर बोट ठेवून, हाड लागेपर्यंत सुई नेऊन. मी तो देते, आणि राज्यातल्या प्रत्येक फिरत्या भूलतज्ज्ञाने तो शिकावा असं मला वाटतं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर तो उपयोगी पडतो. इंटरस्केलीनशी त्याची तुलना करणारे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा जागं झाल्यावरच्या पहिल्या तासाभरात मानेचा ब्लॉक सरस ठरला, पुढे मात्र फारसा फरक उरला नाही. पण प्लेट घालायची असेल, पुढून मोठी चीर असेल, दंडाचं हाडच जोडायचं असेल, तर एकटी ही नस पुरत नाही. कातडी, पुढचे स्नायू, हाडाचं आवरण यांची बातमी इतर नसा नेतात. आणि मोटारसायकलच्या, ट्रॉलीच्या, विहिरीच्या अपघातांत आमच्याकडे प्लेटचंच काम जास्त येतं. मावशीचंही तेच होतं.

काही सर्जन म्हणतात, आम्हीच जखमेत औषध भरतो, ब्लॉक कशाला? जखमेच्या भोवती भरलेलं औषध थोडा वेळ मदत करतं, त्यात चूक काही नाही. पण सांध्याच्या आत नळी ठेवून पंपाने दिवसभर बुपिवाकेन सोडत राहायचं, हे कुणी करू नये. त्याने सांध्याची कूर्चा कायमची मरते. तरुण पेशंटचे सांधे असे गेल्याचं कळल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्याविरुद्ध इशारा दिला. मानेत ब्लॉकच्या जागी बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध देता येतं, ते दुखण्यासाठी उत्तम आहे. पण नळी सरकते, रात्री कुणीतरी तिच्याकडे पाहावं लागतं, आणि वीस खाटांना एक नर्स असलेल्या हॉस्पिटलात मी ती ठेवणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती कुठल्याही ब्लॉकला लागू आहे. एका सुईचा ब्लॉक साधारण बारा ते सोळा तासांत उतरतो. सकाळी अकराला दिलेला ब्लॉक मध्यरात्री, पहाटे उतरतो, आणि उतरतो तो एकदम. दिवसभर "काही दुखत नाही" म्हणणारा माणूस पहाटे तीनला किंचाळत उठतो. नातेवाइकांना वाटतं आत काहीतरी फुटलं. हे टाळायचं तर हात बधीर असतानाच पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या सुरू करायच्या, दुखायची वाट बघायची नाही. शिरेतून डेक्सामेथासोन दिलं तर ब्लॉक काही तास लांबतो, फक्त डायबेटिसवाल्याची साखर बघावी लागते. बधीर हातावर गरम चहा सांडला तरी कळत नाही, म्हणून झोळी काढायची नाही. मी हे सगळं एका कागदावर मराठीत लिहून देते. सरकारी रुग्णालयांतून असा कागद द्यायला एकही कायदा बदलावा लागणार नाही. आपण उद्या हुकूम काढू शकता.

आता कायदा.

गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात पहिल्यांदा आपल्या राज्याने केला, १९८८ मध्ये. देशाचा कायदा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. मला त्याचा अभिमान आहे. मी ज्या भागात काम करते तिथे त्याची गरज किती होती हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. बीडमध्ये तो आकडा ८०७ होता. मी सीझरच्या टेबलाशी उभी असते. तिसरी मुलगी झाल्यावर बाहेर सासू काय म्हणते ते मला आत ऐकू येतं. हा कायदा सैल व्हावा असं मागणाऱ्यांत मी नाही आणि कधी नसेन.

पण २०१२ च्या दुरुस्तीने नियमांत ३-ब आला. हलवता येण्याजोगं सोनोग्राफी मशीन ज्या जागेत नोंदलेलं आहे त्याच जागेत, तिथे दाखल पेशंटसाठीच वापरायचं, किंवा मग इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. मशीन घेऊन गावोगाव हिंडत लिंगनिदान करणाऱ्यांना आवरायला हा नियम आला आणि तो बरोबर आहे. त्याची दुसरी बाजू अशी, की भूल देणारी बाई आपलं मशीन पेटीत घालून एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ शकत नाही. ते सापडलं तर मशीन सील होतं आणि खटला उभा राहतो, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. त्या मशीनने तिने मानेतली नस पाहिली की गर्भ, हा प्रश्न नंतरचा.

मग प्रत्येक हॉस्पिटलाने आपलं मशीन नोंदवावं, असं कुणी म्हणेल. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत ते होतं, ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांचं वेगळं मशीन असतं. तालुक्याचा हाडांचा डॉक्टर महिन्याला चार खांदे करतो. त्याच्याकडे गरोदर बाई तपासायला येत नाही. नोंदणी, तपासण्या, रजिस्टर, आणि कागदात चूक झाली तर गुन्हा, हे सगळं चार खांद्यांसाठी तो अंगावर घेत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. जिथे मशीन आहे तिथे ते खाली सोनोग्राफीच्या खोलीत आहे, पोटावर फिरवायच्या गोल प्रोबसकट. मानेतली नस दाखवणारा सरळ, बारीक प्रोब त्याला बहुधा जोडलेलाही नसतो.

माझं म्हणणं याच प्रोबवर येऊन थांबतं. पोटातलं पाहायला जो प्रोब लागतो तो कमी कंपनसंख्येचा, साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा. त्याच्या लहरी पंधरा-वीस सेंटिमीटर आत जातात. नसा पाहायला लागणारा प्रोब जास्त कंपनसंख्येचा, दहा मेगाहर्ट्झच्या आगेमागे. तो कातडीखालचं फार स्पष्ट दाखवतो आणि पाच-सहा सेंटिमीटरच्या पुढे आंधळा होत जातो. मानेतल्या नसा एक ते दोन सेंटिमीटरवर असतात. पाठीवरची सुप्रास्कॅप्युलर नसही बहुतेकांत चार सेंटिमीटरच्या आत येते.

म्हणून राज्य पर्यवेक्षक मंडळाने एक शिफारस केंद्रीय मंडळाकडे पाठवावी अशी माझी विनंती आहे. अशी शिफारस करण्याचा अधिकार कायद्यानेच राज्य मंडळाला दिला आहे. शिफारस अशी: ज्याला एकच सरळ, जास्त कंपनसंख्येचा प्रोब कायमचा जोडलेला आहे, दुसरा जोडताच येत नाही, आणि ज्याची खोली कारखान्यातच चार सेंटिमीटरला बांधलेली आहे, अशा मशीनचा वेगळा वर्ग करावा. ते नोंदणीकृत, भूलशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरच्या नावावर नोंदवावं, जागेच्या नाही, आणि आपल्या जिल्ह्यात ते नेण्याची परवानगी त्या डॉक्टरला मिळावी.

चार सेंटिमीटरलासुद्धा, बारीक बांध्याच्या बाईत, महिने भरत आले असताना, काहीच दिसणार नाही असं मी छातीठोक सांगणार नाही. ते आपल्या मंडळावरच्या रेडिओलॉजी आणि स्त्रीरोग तज्ज्ञांनी स्वतः तपासावं, आणि खोली तीन सेंटिमीटरवर आणावी असं ठरलं तर मानेचे ब्लॉक तरीही देता येतील, मी तक्रार करणार नाही. शिवाय प्रत्येक वापराचं चित्र वेळेसकट मशीनमध्येच साठावं, पुसता येऊ नये, आणि समुचित प्राधिकाऱ्याने केव्हाही ते उघडून पाहावं. हे काही नवं नाही. कोल्हापूर जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांनी मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवायला लावले, रेडिओलॉजिस्ट न्यायालयात गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांची बाजू उचलून धरली. माझ्या मशीनला असा पहारेकरी बसवा. मी त्याच्यासमोर काम करायला तयार आहे. एका भूलतज्ज्ञाने या सवलतीचा गैरवापर केला तर त्याची सनद कायमची जावी, असंही त्या शिफारशीत लिहावं.

केंद्राचा नियम बदलायला वेळ लागेल हे मला कळतं. तोवर आपल्या हातात जे आहे ते असं. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत मशीन आधीच नोंदलेली आहेत. त्यांना सरळ प्रोब द्यावा, मशीन ऑपरेशनच्या दिवशी थिएटरमध्ये नेता येईल अशी नोंद करून घ्यावी, आणि तिथल्या भूलतज्ज्ञाचं नाव वापरणाऱ्यांच्या यादीत घालावं. थिएटरमध्ये वीस टक्क्यांचं लिपिड इमल्शन ठेवावं. बधीर करणारं औषध चुकून रक्तात गेलं आणि हृदय थांबायला लागलं तर तेच वाचवतं, आणि ऐन वेळी ते दुकानातून आणायला वेळ नसतो. आमच्यासारख्यांना वैद्यकीय महाविद्यालयांत आठवडाभर बसून ट्रंक ब्लॉक आणि पाठीवरचा ब्लॉक शिकू द्यावा. आम्ही रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने येऊ.

मावशीचं ऑपरेशन पुढे दहा दिवसांनी पूर्ण भूल देऊन झालं, जिल्ह्याच्या गावी. नंतरच्या रात्री तिने कशा काढल्या ते तिच्या सुनेने मला सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. आता वर्षाने प्लेट टोचते म्हणून ती काढायची आहे आणि तिला ते आमच्याच गावात करून हवंय. परवा तपासायला आली तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "म्याडम, मागच्यावानी मानंत सुई देणार आसाल तर नगं. दुखलं तरी चालंल."

मी तिला पाठीवरच्या ब्लॉकचं सांगितलं. प्लेट काढायला तो अपुरा पडेल हेही सांगितलं. उरलेल्यासाठी सर्जन जखमेत औषध भरतील, बाकीचं गोळ्यांवर. तिने मान हलवली. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे.

आपली,
एक फिरती भूलतज्ज्ञ